कॅसेट ०४७, बाजू ब

घडलं त्याच क्रमाने सांगते. क्रम चुकला की अर्थ चुकतो, एवढं माझ्या विषयाने मला शिकवलं आहे. आणि ज्याची खात्री देता येईल तेवढंच सांगते.

मार्चमध्ये ग्रंथालयशास्त्राची शेवटची परीक्षा आटोपली आणि मी बाबांच्या गाण्यांना हात घातला.

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर तेव्हा बाबा आणि मी, असे दोघेच राहत होतो. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा आनंदनगरच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी उतरवून घेणं हा त्यांचा तरुणपणापासूनचा नाद. दोन यंत्रं वायरने जोडायची सोय त्यांच्याकडे नव्हती. त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना घरात कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, असा कडक नियम होता. निवृत्तीनंतर त्यांनी दोनशे बारा कॅसेटी एकेक करून लॅपटॉपवर घेतल्या. बुरशी धरलेल्या त्या साऱ्या कॅसेटी मग भंगारात गेल्या. उरल्या अडीच हजारांवर फाइल, आणि त्यांची नावं अशी: ‘कॅसेट ०४७, बाजू ब, गाणं ३’. गायक नाही, संगीतकार नाही, वर्ष नाही.

“बाबा, हे असं ठेवलं तर कुणाला काही सापडायचं नाही.”

“मला सापडतं.”

“तुम्हाला सापडतं. उद्या मला?”

ते हसले. “कर बाई. एवढी शिकलीस, ती विद्या बापाच्या घरात तरी कामाला येऊ दे.”

प्रत्येक फाइलला मी पाच रकाने ठरवले: शीर्षक, गायक, संगीतकार, वर्ष आणि शेरा. पहिले चार सॉफ्टवेअर भरू शकत होतं. शेरा मात्र मीच भरायचा, आणि फाइल पूर्ण झाल्यावर त्यात एकच शब्द लिहायचा, ‘तपासले’, असा माझा नियम होता.

ते सॉफ्टवेअर सुरावरून गाणं ओळखत असे आणि त्याची निर्मळ प्रतही आणून देत असे. पहिल्या फेरीत त्याने सहाशे अकरा गाणी ओळखली. खरखर, कुकरच्या शिट्ट्या, पंख्याची घरघर असलेल्या जुन्या प्रती काढून मी त्या जागी स्वच्छ प्रती बसवल्या. सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवरही तोच बदल करून घेतला. लॅपटॉपची कचरापेटी रिकामी केली. सहाशे अकरा शेऱ्यांत ‘तपासले’ एकदम भरलं. त्यांतलं एकही गाणं मी ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी सव्वानऊला बाबांनी नेहमीप्रमाणे सत्तेचाळीस नंबरच्या कॅसेटमधलं ते तिसरं गाणं लावलं. मी चहा गाळत होते. गाणं संपलं. त्यांनी पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा.

“अनू... यात ती नाही.”

“कोण?”

त्यांनी गाणं पुन्हा मागे नेलं.

“दोन कडव्यांच्या मधे ती बोलायची. ‘अहो, दूध बघा, उतू जाईल.’ सत्त्याऐंशी साल. गाणं नासवलंस म्हणून ओरडलो होतो मी तिच्यावर. चार दिवस बोललो नव्हतो.” त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “दुसरीकडे कुठे आहे तिचा आवाज?”

कुठेच नव्हता. कॅमेरा समोर आला की आई उठून आत जाई. शेवटची चार वर्षं तर घशाच्या दुखण्याने तिचा आवाजच गेला होता. ती पाटीवर लिहून बोलायची.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि ती दुसरी डिस्क घेऊन मी उल्हासनगरला गेले. गेलेला डेटा परत काढून देणारं एक दुकान तिथे आहे. मालक हरेशभाई. त्यांनी तासभर खटपट केली.

“मॅडम, डिलीट किया होता तो निकाल देता. तुम्ही तर त्याच जागेवर नवीन लिहिलंय. दोनों में. इतना सफाई से कौन करता है?”

“मी केलं.”

“फिर तो भगवान भी नहीं निकालेगा,” ते म्हणाले, आणि पैसे घ्यायला नको म्हणाले.

बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं. ते सकाळी स्पीकरसमोर बसत आणि एकेक फाइल लावत. कदाचित दुसऱ्या कुठल्या गाण्यामागे ती सापडेल म्हणून. ताट समोर तसंच निवून जाई. नवव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. चेहरा उजळला होता.

“सापडली.”

सत्तेचाळीसचंच गाणं चालू होतं. मी कान देऊन ऐकलं. दोन कडव्यांच्या मधे फक्त बासरी होती.

“ऐकलंस?”

मी हो म्हटलं. या साऱ्यात मी जाणूनबुजून बोललेलं खोटं तेवढंच.

“आता ती तेवढ्यावर थांबत नाही गं. पुढेही बोलते.”

“काय बोलते?”

“विचारते... इतकी वर्षं दूध का नाही बघितलंत.”

पोळ्या करायला येणाऱ्या बनूबाईंनी त्याच आठवड्यात मला स्वयंपाकघरात गाठलं. “ताई, दूध कोन तापवतंय गो रोज? करपलेला पातेला घासून माझा हात दुखाला लागला. साहेबांना सांग, तापवाचा तर उभं रहाचा. नायतर माझा पगार वाढव.”

मी हसले. पण आमच्याकडे चहा कोरा होत असे. आई गेल्यापासून दूध येणं बंद होतं.

मग मी ती फाइल तपासली. यादीत तिची लांबी तीन मिनिटं एकवीस सेकंद अशी नोंदलेली होती. आता तीन मिनिटं चौतीस दिसत होती. वाढलेली तेरा सेकंदं बासरीच्या नंतर होती, आणि त्यांत आवाज असा काही नव्हता. पण ती शांतताही कोरी नव्हती. बंद खोलीत कुणीतरी असावं आणि त्याने बोलायचं टाळावं, तशी ती होती. मी हेडफोन उतरवून ठेवले.

शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज गेली. दुपारचे दोन वाजले असतील. पंखा थांबला आणि खिडकीतून कारखान्यांकडचा तो आंबूस, नाकात बसणारा वास आत आला. मी माझ्या खोलीत, बॅटरीवर, वर्षांच्या नोंदी भरत होते. बाहेरच्या खोलीतला स्पीकर विजेवर चालणारा; तो बंदच असणार. तरी तिथून खरखर ऐकू येऊ लागली. टेप फिरू लागला की गाण्याआधी येते, ती. मी टाइप करायचं थांबले.

“हो...” बाबा हळू आवाजात म्हणाले. “हो गं... उठलोच. बघतो.”

सपाता स्वयंपाकघराकडे गेल्या. मध्ये पडू नये, असं मला वाटलं. ते सुखात आहेत, असं वाटलं. मी दोन नोंदी आणखी भरल्या. त्या दोन नोंदींना सात मिनिटं लागली. वेळ फाइलवर आहे.

मी गेले तेव्हा बाबा ओट्याला टेकून जमिनीवर बसले होते. डोळे वर, पातेल्याकडे, उघडे. गॅस बंद होता. पातेल्यात दूध होतं, काठाच्याही वर फुगून आलेलं, सायीसकट तसंच थांबलेलं. मी बोट लावलं. गार होतं.

डॉक्टर हृदयविकार म्हणाले. त्यावर शंका घेण्याचं मला कारण नाही.

तेरावं झाल्यावर मी सत्तेचाळीस नंबर लावला. बासरीनंतर आई स्पष्ट म्हणाली, “अहो, दूध बघा, उतू जाईल.” आणि बाबा म्हणाले, “बघतो.” मी जमिनीवर बसून रडले. पोरकी झाले आहे हे त्या दिवसांत पहिल्यांदाच विसरले. दिवसभर तेच ऐकलं.

त्यानंतर लॅपटॉपजवळ बसायला निमित्त म्हणून मी नोंदींचं काम पुन्हा हाती घेतलं, कारण प्रत्येक रविवारी ती तेरा सेकंदं थोडी लांबत आणि मला पुढचं ऐकायचं असे. दुसऱ्या रविवारी त्यांच्या बोलण्यामागे एक टकटक ऐकू आली. ती कीबोर्डची होती; स्पेसचं बटण मी दोनदा दाबते, ती सवयही तिच्यात होती. चौथ्या रविवारी आईने विचारलं,

“अनूचं झालं का हो?”

“थोडंच राहिलंय.”

“तिला म्हणावं, ये आता...”

मी लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला आणि किल्ली बनूबाईंकडे दिली. एकशे सोळा फाइल उरल्या होत्या. आकडा लिहून ठेवला होता. तीन आठवडे मी त्याला शिवले नाही. काल बनूबाई किल्ली परत घेऊन आल्या. “तुझी आमानत तुझ्याजवल ठेव ताई, माझ्या घरात कालपासून दूध फाटतंय,” म्हणाल्या आणि दारातूनच वळल्या.

मी कपाट उघडलं. एकशे पंधरा फाइल पूर्ण झालेल्या होत्या. रकाने मी भरते तसेच, माझ्याच पद्धतीने. प्रत्येक शेऱ्यात ‘तपासले’.

एक उरली आहे. तिला शीर्षक नाही. वर्षाच्या रकान्यात चालू साल आहे. गायकाच्या रकान्यात तीन नावं आहेत: विष्णुपंत, सुहासिनी, अनुया. रेशनकार्डावर आहेत त्याच क्रमाने.

शेऱ्याचा रकाना तेवढा रिकामा आहे. तो मीच भरायचा असतो.