पाय स्थिरावले तेव्हा

स्वीडनमधल्या हॅर्नोसांड गावातल्या जुन्या नाट्यगृहात नाटक सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, आणि टुवा लिंडेलच्या पोटऱ्यांत नेहमीचं ते सुरू झालं. दुखणं नव्हे, मुंग्याही नव्हेत… हाडाच्या आत काहीतरी वळवळतंय आणि आत्ता पाय हलवला नाही तर आपण किंचाळू, असं काहीतरी. म्हणूनच ती कायम कडेची खुर्ची घ्यायची. हळूच उठली आणि मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. एक टाच वर, दुसरी खाली…

शेजारी ओल्या कोटातला एक तरुण उभा होता. उशिरा आला म्हणून त्याला मध्यंतरापर्यंत बसू देत नव्हते.

"मला शिक्षा झालीय," तो कुजबुजला. "तुमचा गुन्हा काय?"

"पाठ दुखते." सगळ्यांना ती हेच सांगायची.

"अच्छा! मग नाचतायत ते पाय कुणाचे?"

टुवाला हसू आवरेना. पुढच्या एका आजींनी मागे वळून डोळे वटारले. मध्यंतर झालं, पुन्हा अंधार झाला, तरी तो तिथेच.

"आता जा की आत. बसू देतील."

"इथून जास्त छान दिसतंय," तो म्हणाला — आणि रंगमंचाकडे बघतच नव्हता.

त्याचं नाव हालवार. तो पहाटेची पहिली बस चालवायचा, ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. संध्याकाळी तिला एका जागी बसवत नसे, म्हणून त्यांचं सगळं प्रेम चालता चालताच झालं. बंदराच्या कडेनं, पुलावरून, पुन्हा बंदराच्या कडेनं… बर्फ भुरभुरायचा आणि त्याचा हात तिच्या कोटाच्या खिशात शिरायचा.

"तुझ्यावर प्रेम करायचं म्हणजे बूट दणकट हवेत," तो म्हणायचा.

"आधीच सांगते, मी झोपेत लाथा मारते. आईसुद्धा मारायची. बाबा आधी दुसऱ्या खोलीत झोपायला गेले, मग दुसऱ्या घरात."

"मी कुठे जातोय? मार लाथा!"

तो तिच्याकडे राहायला आला. सुरुवातीला सकाळी नडगीवरचे डाग कौतुकानं दाखवायचा. मग दाखवेनासा झाला. डोळ्यांखाली काळं आलं. एका सकाळी तो अवेळी दारात उभा दिसला, टोपी हातात, चेहरा पांढराफटक.

"डोळा लागला, टुवा. बस वळणावरून सरळ बर्फाच्या ढिगात… कुणाला काही झालं नाही. पण मागे बायका बसल्या होत्या गं…"

टुवानं त्याची उशी उचलली आणि छोट्या खोलीतल्या पलंगावर ठेवली.

"थोडे दिवसच," हालवार म्हणाला. पण त्याआधी त्याच्या छातीतून एक लांब, मोकळा श्वास सुटला होता. टुवानं तो ऐकला, आणि ऐकला नाही असं दाखवलं.

त्याच आठवड्यात ती डॉक्टरकडे गेली. रक्त तपासलं, तर शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला; पायांची वळवळ त्यामुळेच. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. त्या संत्र्याच्या रसाबरोबर घ्यायच्या, दूध आणि कॉफी जवळपासही नको. खरं तर कॉफी बंदच. वाइनही. जेवण लवकर, झोपायची वेळ ठरलेली, रोज पोहणं, पण संध्याकाळी उशिरा नाही.

"कॉफी सोडली तर या गावात मला कोण दारात उभं करील?" टुवा म्हणाली.

"पाय तरी उभं राहू देतात का, ते बघू," बाई हसल्या. "मुळापासून जाईलच असं नाही हं. पण आटोक्यात येईल."

"मीही सोडतो कॉफी," हालवारनं जाहीर केलं. दोघांचीही डोकी दुखून फुटायची वेळ आली. जेवायला, लोह वाढावं म्हणून, डुकराच्या रक्ताचं पुडिंग तव्यावर परतलेलं, वर लिंगनबेरी या लाल रानफळांचा आंबटगोड मुरंबा, नाहीतर कलेजी. तो नाक मुरडून गिळायचा, ती हसायची. पण एका संध्याकाळी त्यानं तिचं चुंबन घेतलं, आणि त्याच्या तोंडाला कॉफीचा वास आला. परक्या बाईचं अत्तर यावं तशी ती दचकली.

"डेपोत… एकच कप," तो ओशाळला.

दोघंही खूप हसले. पण त्यानंतर तो डेपोतून उशिराच यायला लागला.

वसंत आला, बंदरातला बर्फ फुटला. टुवाची वळवळ कमी होत गेली. कधी आलीच तर पोटऱ्या ताणून कोमट पाण्यात पाय सोडले की जायची. एक दिवस ती अख्खा सिनेमा खुर्चीत बसून बघून आली! धावत घरी आली, त्याची उशी मोठ्या खोलीत आणून ठेवली आणि म्हणाली, "ये."

तो आला. ती गाढ झोपली.

सकाळी हालवार स्वयंपाकघरात बसला होता, डोळे लालभडक.

"मी लाथ मारली?"

"नाही. एकदाही नाही."

"मग झोपला का नाहीस?"

"वाट बघत होतो लाथेची…" तो थांबला. "तू किती केलंस, मला माहितीय. म्हणून तर माझ्याच्यानं बोलवत नव्हतं. मला त्या खोलीत एकटं बरं वाटायला लागलंय, टुवा. झोपेपुरतं नाही… सगळंच."

"माझ्यावर प्रेम नाही?"

"आहे. पण तुझ्याजवळ असलो की मी सारखा पहाऱ्यावर असतो."

तिला ओरडावंसं वाटलं, की मी बरी झालेय रे, आता कसला पहारा! पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती इतकंच म्हणाली, "चहा घेऊन जा."

उन्हाळ्याच्या तोंडाशी तो बदली घेऊन दूरच्या उस्टर्सुंड गावी गेला. निघताना दारात घुटमळला, तिच्या कपाळाला ओठ लावले. "सांभाळ… गोळ्या चुकवू नकोस."

गाडी वळली. टुवा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत येऊन बसली. पूर्वी रडू आलं की पाय तिला उठवायचे, रस्त्याला लावायचे. चालता चालता अर्धं दुःख वाटेतच सांडून जायचं. आज संध्याकाळ झाली, उजेड खिडकीत तसाच रेंगाळला, तरी पाय हलायचं नाव घेईनात. कुठे जायची घाई नव्हती, उठायला निमित्त नव्हतं. ती बसून राहिली, आणि सगळंच्या सगळं रडली.