पिठातली चार बोटं

बायकोनं नवऱ्याचा खून का केला, हे कागदावर एका ओळीत लिहायचं होतं. एवढ्या एका ओळीसाठी हवालदार माधवी भर दुपारी बारामतीहून अंथुर्ण्याला निघाली. आठ दिवस धड झोप नव्हती, डोळे चुरचुरत होते.

सारजानं म्हस्कूच्या डोक्यात वरवंटा घातला, हे ती नाकारत नव्हती. पण कारण? जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कुणी म्हणे बाहेर लफडं, कुणी म्हणे जमीन, कुणी म्हणे बाईचं डोकंच फिरलं. साहेब म्हणाले, "काहीतरी एक लिहा, उद्या कोर्ट आहे." सारजा मात्र एकच बोलली होती, "उसाला पाणी धराय गेला त्यो माझा नवरा. माघारी आला त्यो न्हवता."

घरात सासू द्वारकाबाई एकटीच होती. म्हस्कू पडला त्या जागी पाटी पालथी घातलेली, शेजारी दिवा. पत्र्याखाली जीव उकडत होता, पण त्या कोपऱ्यात गार लागत होतं. उसाच्या ओल्या पाचटाचा वास येत होता.

"खाली पीठ पसरलंय," म्हातारी म्हणाली. "मेलेला कुठल्या जल्माला गेला त्याचं पाऊल उमटतं. रोज बघती मी."

"काय दिसलं, मावशी?"

तिनं पाटी उचलली. पिठात माणसाचा डावा पाय उमटला होता. चार बोटं. अंगठ्याची जागा कोरी.

"म्हस्कूचाच हाय. अंगठा ट्रॅक्टरखाली गेल्याला, लगनाच्या आदी."

प्रेताचा पंचनामा माधवीनंच लिहिला होता. 'हातापायाची सर्व बोटे शाबूत.' पण ते पाहून लिहिलं, की जुन्या पंचनाम्यावरून उतरवलं? दमल्यावर सगळेच उतरवतात. फोटोत पाय चादरीखाली होते आणि देह तर केव्हाच जळला. एका बाईची जन्मठेप त्या ओळीवर टांगली होती, आणि माधवीला काही केल्या ते पाय आठवेनात.

"ओळख तुम्हीच पटवली ना, मावशी?"

"तोंड त्याचंच हुतं, बाई... पायाकडं कोण बघतं?"

दिवेलागणीला ती ठाण्यात परतली. सारजा कोठडीच्या गजांना टेकून बसली होती. माधवी कुठं गेली होती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पिठात किती बोटं हुती, ताई?"

माधवीला खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "चार."

सारजानं डोळे मिटले. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. "म्हंजी माझा घरी पोचला."

मग तिनं डोळे उघडले आणि माधवीच्या मागं पाहिलं.

"आन् त्यो... तुमच्या मागं आला..."

माधवी वळली. दारापासून तिच्या बुटांपर्यंत फरशीवर पिठाची अनवाणी पावलं उमटली होती. ती वाकली आणि मोजू लागली.

सर्व बोटे शाबूत. पंचनामा चुकला नव्हता.