काट्यावरची उघडी नोंद

त्रिवेणी ताक तर फुंकून प्यायचीच, आणि फुंकून झाल्यावर पेल्याच्या तळाशी काय आहे तेही बघायची. परभणीतल्या ज्या दुकानात ती लोकांच्या सर्व्हरची कामं बघायची, तिथले लोक तिला पाठीमागे ‘फौजदारीण’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्यामुळे राजेश्वरआप्पांच्या कापसाच्या जिनिंगमधून फोन आला, तेव्हा दुकानदाराने बाकी कोणाकडे न बघता तिच्याकडेच बोट केलं.

काम साधं होतं. मानवतच्या पलीकडे, वस्ती सोडून आत गेलेल्या रस्त्यावर ते जिनिंग. मे महिना, हंगाम कधीच आटोपलेला. यंत्रं बंद, मजूर आपापल्या गावी. फाटकावर आप्पा घाम पुसत उभे होते, आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर वजनकाटा सांभाळणारा काटेकरी गोपाळ.

“कंप्युटर म्हनायलाय सरकीची पोती इतकी, अन गोदामात मोजली की कमी,” आप्पा म्हणाले. “रोज एक पोतं कमी भरायलंय. किल्ली ह्याच्याकडं, काटा ह्याच्याकडं. मला शक हाय, पन पुरावा न्हाई. तुमी ते लॉगचं बसवून द्या बाई. मग मी हाय अन पोलीस हाय.”

गोपाळला ऐकू जावं असंच ते बोलले. गोपाळ चाळिशीचा, अंगाने दणकट. त्याने मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. त्रिवेणीने ते बरोबर टिपलं. चोर असेल तर असाच उभा राहील, तिला वाटलं. मग वाटलं, चोर नसेल तरीही असाच उभा राहील. आप्पा गाडीत बसून सेलूला निघून गेले.

जिनिंगमध्ये शिरायची वाट एकच, आणि ती काट्यावरून. रस्त्यातच बसवलेल्या लोखंडी पाट्यावर काही चढलं की काटा आपोआप वजन लिहायचा. आत येताना एकदा, बाहेर पडताना एकदा. दोन्ही वजनं झाली की नोंद मिटायची, नाहीतर उघडी राहायची. त्रिवेणी स्कूटीवरून पाट्यावर चढली तसा पाटा पोटातून आवाज आल्यासारखा ‘धम्म’ वाजला. खिडकीतल्या पडद्यावर आकडा आला. गाडी आणि ती मिळून एकशे साठ किलो.

ऑफिसची खोली तापलेल्या पत्र्याखाली होती. सरकीचा तेलकट, कोंदट वास भिंतींत मुरलेला. सर्व्हर कोपऱ्यात घुमत होता आणि त्याच्या पंख्यावर कापसाचा पांढरा थर साचला होता. तो झटकून ती कामाला बसली. सर्व्हर दिवसभर स्वतःशी पुटपुटत असतो: अमका आला, तमकं वजन झालं, ह्याने ती फाईल उघडली. ही पुटपुट म्हणजेच लॉग. कोणी ऐकत नाही म्हणून ती वाया जाते. ती गोळा करून, नीट लावून मालकाच्या मोबाईलवर धाडणारं सॉफ्टवेअर तिने पेन ड्राइव्हवर आणलं होतं, एकाच पॅकेजात बांधलेलं. गाठोडं सोडावं तसं ते सोडलं की आतलं एकेक सामान आपापल्या जागी जाऊन बसतं.

पॅकेज बसलं. सेटिंगच्या फाईलमध्ये तिने सवयीने एक ओळ घातली: शंभर किलोच्या आतलं वजन सोडून दे. वजनकाट्यावर कुत्री चढतात, शेळ्या चढतात, त्यांच्या नोंदी कोणाला हव्यात?

“पाणी घ्या ताई.” गोपाळ तांब्या घेऊन दारात उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

“ठेवा तिथे.”

त्याने तांब्या ठेवला, पण हलला नाही. पडद्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “ताई, तुमी जाताना एकट्याच जायलाव का?”

त्रिवेणीची बोटं थबकली. “का?”

“न्हाई... सहज इचारलं.”

सहज असं कोणी विचारत नाही. तिने खुर्ची वळवून घेतली, दार डोळ्यासमोर राहील अशी. टेबलावर त्याचा जेवणाचा डबा होता, फडक्यात गुंडाळलेला. ऊन डोक्यावर आलं होतं.

“जेवायचं नाही का तुम्हाला?”

“दुपारचं न्हाई जेवत मी.” तो ओशाळं हसला. “आमचा काटेकऱ्यायचा कायदा हाय. नोंद उघडी असली की काट्यावर बसून घास घ्यायचा न्हाई. आत गेलेलं बाहेर पडू द्यायचं, मग हात धुवायचे. चंद्रभानमामांनी शिकवलंय.”

“हंगाम बंद आहे. माझी एक सोडली तर कोणती नोंद उघडी आहे?”

गोपाळ खिडकीबाहेरच्या पाट्याकडे बघू लागला.

पेन ड्राइव्हवरचं पॅकेज जुनं होतं. ऑफिसचं संथ नेट जोडून तिने अपडेटची आज्ञा दिली. नवं पॅकेज थेंबाथेंबाने उतरत होतं. बाहेर चिटपाखरू नव्हतं, गोदामाचा पत्रा उन्हाने मधूनच कडकन वाजत होता. अर्ध्यावर अपडेट थांबला आणि पडद्यावर प्रश्न आला: ही सेटिंगची फाईल तुम्ही ठेवल्यानंतर कोणीतरी बदलली आहे. बदललेली ठेवू, की नवी घालू?

तिने तर ओळ घातल्यानंतर फाईलला हात लावला नव्हता. उघडून पाहिली. शंभर किलोची तिची ओळ नव्हती. तिथली जागा कोरी होती. आणि बदलणाऱ्याचं नाव होतं चंद्रभान.

“चंद्रभान कोण?” तिने एकदम विचारलं.

गोपाळचा चेहरा उतरला. “माझ्या आधीचे काटेकरी. वारले... मागच्या हंगामात.”

मेलेल्या माणसाचं सातबाऱ्यावरचं नाव कमी करायला लोक धावतात, कंप्युटरमधलं खातं बंद करायचं मात्र कोणाला सुचत नाही. त्रिवेणीने असं शंभरदा पाहिलं होतं. “त्यांचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?”

“सगळ्यायलाच. लेकीचं नाव हाय त्यांच्या.”

“म्हणजे तुम्हालाही.”

“मी तुमच्यासमोरच हाय न ताई सकाळपासून.”

होता खरा. पण खिशात मोबाईल होता त्याच्या. मोबाईलवरून असं करता येतं का, एवढं याला येतं का, याचा हिशेब तिचं डोकं मांडू लागलं. बदललेली फाईल तशीच ठेवायची तिने ठरवली. कोणी काय लपवतंय ते त्या बदलातच सापडेल. अपडेट पुरा झाला आणि सॉफ्टवेअर पुन्हा सुरू झालं. सुरू होताच त्याने सर्व्हरची जुनी सगळी पुटपुट ओढून घेतली आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या.

साठ किलो, आत. दुसऱ्या दिवशी साठ किलो, आत. तिसऱ्या दिवशी तेच. दर दुपारी, दर दिवशी, आत. बाहेर एकदाही नाही.

साठ किलो म्हणजे सरकीचं एक पोतं. त्रिवेणीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चोरी झालीच नव्हती! कंप्युटर रोज एक पोतं आत आलं असं धरत होता, आणि ते पोतं मुळात नव्हतंच. गोदामात कुठून सापडणार? गोपाळने इकडची काडी तिकडे केली नव्हती. तिला त्याची कीव आली, आणि सकाळपासून त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं त्याची लाज वाटली.

“गोपाळभाऊ, तुम्ही सुटलात! मी आप्पांना दाखवते हे...”

धम्म.

पाटा वाजला. खिडकीबाहेर पांढऱ्या उन्हात तो रिकामा पडला होता. फाटकाला कुलूप होतं. पाट्यावर कुत्रं नव्हतं, शेळी नव्हती. गोपाळ तिच्या शेजारी होता, इतका जवळ की त्याचा श्वास ऐकू येत होता. पडद्यावर नवी ओळ उमटली.

साठ किलो. आत.

“मामा आले,” गोपाळ कुजबुजला.

“काय बोलताय...”

“ताई, त्या दिवशी मामा ह्याच वक्ताला काट्यावरून आत गेले. कापसाची गंजी ढासळली... खाली दबले. कोनालाच कळलं न्हाई. आमी संध्याकाळपस्तोर बाहेर हुडकत व्हतो.” त्याचा आवाज चिरकला. “आप्पांनी त्या दिवशीची नोंद पुसली. म्हनले, ह्यो मानूस कामावर आलाच न्हवता. मागल्या भिंतीवरून बाहेर काढलं त्यायला... काट्यावरून न्हाई. ज्यांनी मला कायदा शिकवला, त्यांचीच नोंद उघडी.”

त्रिवेणीच्या अंगावर सरसरून काटा आला. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, पण अविश्वास धरायलाही पायाखाली काही लागतं, आणि आता ते सापडेना. सरकीचा वास एकाएकी दाट झाला. पाठीमागे कोणीतरी कापसात गुदमरून खोकावं तसा आवाज आला. सर्व्हरच्या पंख्यात तंतू अडकला असेल, तिने स्वतःला सांगितलं. पंखा मात्र सुरळीत फिरत होता.

तिने बॅग उचलली. “काम झालंय. आप्पांच्या मोबाईलवर सगळं जाईल.”

“बरं ताई.” गोपाळने अडवलं नाही. उलट पुढे धावत जाऊन त्याने फाटक उघडलं. “काट्यावर गाडी जरा हळू घ्या. वजन बराबर होऊ द्या.”

त्याच्या आवाजात आता भीती नव्हती. अजिजी होती, आणि आणखी काहीतरी होतं, ते तिला ओळखता आलं नाही. पाटा ‘धम्म’ वाजला, सकाळपेक्षा जड. वळणावर तिने आरशात पाहिलं. गोपाळ काट्याच्या ओट्यावर मांडी घालून बसला होता आणि डब्याचं फडकं सोडत होता. पहिला घास त्याने कपाळाला लावला.

परभणीच्या अलीकडे झाडाखाली ती थांबली. स्कूटी चढावर ओढत नव्हती. उन्हाने इंजिन तापलं असणार. तेवढ्यात आप्पांचा फोन आला.

“बाई, सॉफ्टवेअर झकास बसवलंत. सगळं दिसायलंय मला. गोपाळवर माझा शक न्हाई आता.”

“हो आप्पा, मी तेच सांगणार होते, ते रोजचे साठ किलो...”

“तुमच्यावर हाय,” आप्पा म्हणाले. “येताना तुमी गाडीसकट एकशे साठ. जाताना दोनशे वीस. काय नेलंत माझ्या जिनिंगमधून?”

तिने बॅगेकडे पाहिलं. बॅगेत लॅपटॉप आणि रिकामी पाण्याची बाटली. मग नजर खाली गेली. मागे बसणाऱ्याच्या पायाखालचे ते दोन्ही फुटरेस्ट ती कायम मिटलेले ठेवायची. तिच्या गाडीवर मागे कोणी बसतच नसे. आता दोन्ही उघडलेले होते.

तिने पायाने एक मिटवायला पाहिलं. एरवी अंगठ्याच्या टोकाने मिटायचा. तिने टाच लावून जोर केला, पण वरून कोणी पाय ठेवून बसावं तसा तो जागचा हलला नाही.

“हॅलो... बाई?” फोनमधून आप्पा विचारत होते. “तिथं खोकायलंय कोन?”