शनी बुडतो कसा?

"आज तो पुन्हा बुडाला, तर माझं काम गेलंच समजा," असं म्हणत मावशीने शनीचा गोळा पुसला आणि तिन्ही भाचरांची तोंडं उतरली.

मावशी विज्ञानकेंद्रासाठी ग्रह बनवायची. शनी म्हणजे वायूंचा अवाढव्य गोळा, पण सरासरीने पाण्यापेक्षा हलका. तेवढा मोठा हौद मिळाला, तर पठ्ठ्या तरंगेल! हेच दाखवायला तिने पोकळ गोळा केला होता. दोन्ही टोकांना चपटा, भोवती रुंद कडं, आत पाण्यातही चालणारा बॅटरीचा दिवा. काचेच्या हौदात तो झकास तरंगायचा. मावशी दालनाला कुलूप लावून जेवायला गेली, की मात्र तळाशी जायचा. संध्याकाळी पाहुण्यांसमोर बुडाला, तर बाकीचे ग्रह दुसऱ्याकडून करून घेऊ, असं संचालकांनी बजावलं होतं.

म्हणून दुपारी ताई, ढब्बू आणि धाकटं शेंडेफळ काळ्या पडद्यामागे लपली. मावशीने बाहेरून कुलूप लावलं. दालनात उजेड होता तो फक्त शनीचा, पिवळट आणि आजारी. भुताखेतांना हसणारा ढब्बू आता ताईचा हात सोडेना.

तेवढ्यात कुलूप उघडल्याचा आवाज झाला. एक लांब सावली आत आली. तिने गोळा मागे कलता केला, कडं काचेला टेकवलं आणि आली तशी निघून गेली. मग गुडगुड सुरू झाली. कुणाचा हात नाही, वारा नाही, तरी शनी हळूहळू खाली निघाला. तळाशी गेल्यावरही त्याचा दिवा जळतच होता. तिघांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

आधी भानावर आली ताई आणि तिला सगळा उलगडा झाला. शनीच्या उत्तर ध्रुवावर सहा बाजूंचं वादळ फिरतं. दिवा आत ठेवायला मावशीने त्याच आकाराचं झाकण केलं होतं. ते कायम पाण्यावर राहणार म्हणून सैलच होतं. गोळा कलला, की झाकणाच्या खालच्या फटीतून पाणी आत शिरायचं आणि वरच्या फटीतून हवा बाहेर पडायची. तळाशी गोळा कसाही लोळायचा, त्यामुळे मावशीला काही कळलंच नव्हतं.

बाहेरून कुलूप अजून लागलं नव्हतं. तिघं बाहेर धावली. व्हरांड्यात संचालक शर्टाची बाही पिळत उभे होते.

शेंडेफळाच्या जिभेला हाड नाहीच. "काका, तुमची एकच बाही ओली कशी?"

संचालक गडबडले. "अरे, वादळाला कुठे कोपरे असतात? तुमच्या मावशीची चूक पाहुण्यांना दिसली, तर केंद्राचं हसं होईल. म्हणून ती बाजू जरा मागे फिरवतो."

गोळा कलला की पाणी कसं आत शिरतं, ते ताईने सांगितलं आणि त्यांच्याच खोलीच्या दाराशेजारच्या छायाचित्राकडे बोट दाखवलं. ते अवकाशयानाने टिपलेलं होतं. त्यात शनीच्या ध्रुवावर सहा कोपरे स्पष्ट दिसत होते. संचालक रोज त्याच्याजवळून जायचे.

संध्याकाळी अंधाऱ्या दालनात, आतलं पाणी काढून पुन्हा सोडलेला शनी शांतपणे तरंगत राहिला. पाहुणे श्वास रोखून पाहत होते. संचालकांनी सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली, तिन्ही पोरांना पुढे बोलावून शाबासकी दिली आणि उरलेले ग्रहही मावशीच करणार असं सांगून टाकलं.

मावशीचे डोळे भरून आले. तिने पदराने ते पुसले आणि तिघांना विचारलं, "उद्यापासून गुरू करायला घेतेय. हाताखाली कोण येतंय?"