दादाच्या कोटाला पाखराचं माप

दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं, तेव्हा टाचणीच्या ओठांत अकरा टाचण्या होत्या. तिला धड "या" सुद्धा म्हणता येईना. तिनं मान हलवली, डोळ्यांनीच स्टूल दाखवलं... आणि समोरचं माणूस खुदकन हसलं.

"बोलू नकोस. गिळशील एखादी!"

टाचणी हे आत्यानं ठेवलेलं नाव. सतरा वर्षांची, अंगानं काडी, आणि कुणी बोट लावलं की टोचणारी. शाळा सुटली की ती आत्याच्या शिवणाच्या दुकानात यायची. काजं करायची, बटणं लावायची, उसवायची, इस्त्री मारायची. कात्रीला मात्र आत्या तिला शिवू देत नसे. त्या दुपारी आत्या अस्तराचं कापड आणायला गेली होती, आणि दुकान टाचणीच्या हवाली होतं.

तिनं एकेक टाचणी काढून उशीत खोचली. जरा सावकाशच. तेवढाच बघायला वेळ! बारीक कापलेले केस, एकाच कानात निळा मणी, ढगळ पँट, वय तिच्याच एवढं. आणि दोन्ही हातांवर, झोपलेलं मूल धरावं तसा, एक राखाडी कोट.

"हा माझ्या मापाचा करायचाय. मी कालच येणार होतं, पण धीर झाला नाही."

"येणार होतं?" टाचणीनं टोचलंच. "व्याकरण चुकलं की!"

"चुकलं नाही. निवडलंय."

हे इतकं साधेपणानं आलं की टाचणीची टोच जागच्या जागी बोथट झाली. तिनं मापांची वही ओढली. आत्याच्या वहीत बायकांची मापं पुढून असायची, पुरुषांची मागून.

"कुठून लिहू?"

"मधोमध जागा आहे का बघ ना."

मधली पानं कोरीच होती. "नाव?"

"दादा पाखरू म्हणायचा. तेच लिही."

म्हणायचा. टाचणीनं कोटाकडे पाहिलं. तिनं टेप घेतला. खांद्यापासून खांद्यापर्यंत, मग मानेच्या मणक्यापासून खाली.

"श्वास सोड की. छाती फुगवून उभं राहिलंस तर माप चुकेल."

"आधी तू सोड," पाखरू म्हणालं. "मघापासून तूच धरून बसलीयस."

टाचणीनं छातीचं माप दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा निराळं.

तेवढ्यात आत्या आली. तिनं कोट उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला. "बाह्या काढाव्या लागतील, खांदे आत घ्यावे लागतील. कापड एकदा कातरलं की परत वाढत नाही, बाळा. घरी विचारलंयस ना?"

"हो," पाखरू म्हणालं. जरा घाईनंच.

आत्यानं पाखराकडे पाहिलं, मग भाचीकडे पाहिलं. भाचीचे कान लाल झाले होते. आत्यानं कात्री तिच्यापुढे सरकवली. "शिकायचंय म्हणत होतीस ना? शीक मग."

एका कोटाला दोन ट्रायल पुरतात. टाचणीला पाच लागल्या. कधी कॉलर बघायची राहिली, कधी पाठीला झोळ आला, आणि एकदा तर काहीच राहिलं नव्हतं, तरी तिनं "शुक्रवारी ये" असं सांगितलं. "राजाच्या अंगरख्याचेसुद्धा एवढे लाड झाले नसतील," आत्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

पाखरू यायचं, मापाच्या स्टुलावर चढायचं आणि बोलत राहायचं. दादानं हा कोट मुलाखतीसाठी घेतला होता. नोकरी मिळाली नाही. पण कोट वाया कसा घालवायचा? म्हणून तो कोट घालून कोपऱ्यावर भाजी आणायला जायचा! भाजीवाला त्याला साहेब म्हणायचा, आणि साहेब वांग्यासाठी घासाघीस करायचा. हे सांगताना पाखरू इतकं हसलं की स्टूल डुगडुगलं. हसता हसता डोळे भरले, तेव्हा टाचणीनं खडू खाली ठेवला.

"तीन दिवसांचा ताप," पाखरू म्हणालं. "मागच्या वर्षी. चौथ्या दिवशी मला कुणी पाखरू म्हणेना. आई नावानंच हाक मारते. ते नाव मला... बुटात खडा असावा ना, तसं टोचतं. आई वाईट नाही गं. पाखरू म्हटलं की तिला तोच आठवतो."

अस्तर उसवताना टाचणीला डाव्या खांद्याशी वेडेवाकडे टाके सापडले. जाड, चकाकता दोरा.

"हे कुठल्या शिंप्याचं काम?"

"दादाचंच. मासे पकडायच्या दोऱ्यानं शिवलंय!"

टाचणीनं ते टाके काढले नाहीत. दोन तास खर्ची घालून तिनं आजूबाजूचं कापड आत घेतलं आणि ते तसेच ठेवले. आत्याला सांगितलं असतं तर तिनं वेड्यात काढलं असतं. सांगितलं नाही.

चौथ्या ट्रायलला टाचणीनंही स्वतःची एक शिवण उसवली. तिची पहिलीपासूनची एक मैत्रीण होती. एका बाकावर बसायच्या, एकीच्या डब्यातलं दुसरी खायची. मागल्या वर्षी टाचणीनं तिला सांगितलं, मला मुलगे नाही आवडत गं, मुलीच आवडतात. मैत्रीण आधी हसली. दुसऱ्या दिवशी तिनं बाक बदलला.

"आणि तू?"

"मी काय? बाकावर ऐसपैस बसते आता," टाचणी म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच फाटला.

पाखरानं स्टुलावरूनच हात खाली केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. कोटाची एक बाही तेव्हा निघालेली होती. त्या बिनबाहीच्या हाताची ऊब टाचणीला रात्री जेवतानाही आठवत होती. आता हेही सांगून टाकावं... असं तिला वाटलं. मग तो बदललेला बाक आठवला, आणि तिनं घास गिळला तसा शब्दही गिळला.

पाचव्या ट्रायलच्या दिवशी, पाखरू यायच्या आधी, एक बाई दारात आल्या. अंगावर नर्सचा गणवेश, हातात रिकामा हँगर. बहुधा कपाटातून उचलून तशाच निघाल्या असाव्यात, तो हातात आहे हेही त्यांना ठाऊक नसावं. टेबलावर कोट पडला होता. अंग एकीकडे, बाह्या दुसरीकडे.

"कुणी... कुणी सांगितलं कापायला?"

पाखरानं घरी विचारलंच नव्हतं, हे टाचणीला त्या क्षणी कळलं. त्याच्यावर ढकललं असतं तर ती सुटली असती.

"मी कापला, काकू," ती म्हणाली. "हात माझेच आहेत."

बाईंनी बाही उचलली. आता त्या ओरडतील म्हणून टाचणीनं खांदे आवळले. त्या ओरडल्या नाहीत. मटकन स्टुलावर बसल्या. आत्यानं पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"तो परत येणार नाही, हे कळतं गं मला. रोज वॉर्डात दुसऱ्यांना तेच समजावते. पण कपाट उघडलं की खांदे दिसायचे. आज उघडलं, तर..." त्यांनी हँगरकडे पाहिलं. "कुणाच्या मापाचा करतेयस?"

"पाखराच्या."

बाईंनी चमकून वर पाहिलं. वर्षभरात त्या घरात न उमटलेला शब्द एका परक्या मुलीच्या तोंडून आला होता. टाचणीनं कोटाचा डावा खांदा उलटून दाखवला. ते जाड, चकाकते टाके जसेच्या तसे होते. बाईंनी त्यांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग हसू आणि रडू यांच्या मधलं काहीतरी त्यांच्या तोंडून निघालं. "गळाचा सगळा दोरा संपवला म्हणून याचे बाबा किती चिडले होते!"

तेवढ्यात पाखरू आलं आणि उंबऱ्यातच थिजलं. "आई, मी सांगणार होतं..."

"ये आत," आई म्हणाली. "घालून दाखव."

टाचणीनं कच्च्या टाक्यांनी बाह्या जोडल्या. सुई दोनदा बोटात गेली. पाखरानं कोट चढवला, आई पुढे झाली, तिनं कॉलर सारखी केली आणि दोन्ही हात त्या खांद्यांवर ठेवले. बराच वेळ.

"याला बरोबर बसला," ती आत्याला म्हणाली. मग वळून, अडखळत, पहिल्यांदाच चालणाऱ्या पोरासारखी, "शोभतंय तुला... पाखरा."

टाचणी आणि आत्या दोघी अस्तराची चिंधी घडी करू लागल्या. एकाच चिंधीची, चार हातांनी.

सोमवारी कोट तयार झाला. पाखरू आलं, कोट घातला, गोल फिरलं, आत्याच्या पाया पडायच्या बेतात होतं तेवढ्यात आत्यानंच त्याच्या पाठीत धपाटा घातला. "उंदीर कुरतडतील असा ठेवू नकोस, म्हणजे झालं." मग पाखरू टाचणीकडे बघत राहिलं. टाचणी कोटाच्या बटणाकडे.

"येतं मग मी."

"हं."

गेलं. टाचणीनं टेबल पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं. आता कुठली ट्रायल? कुठला शुक्रवार?

"ते टेबल झिजेल," आत्या म्हणाली. "बस सव्वापाचला सुटते. पाच वाजून दहा झालेत."

टाचणी धावली. गळ्यात टेप, दंडाला टाचण्यांची उशी, पायांत आत्याच्या चपला. थांब्यावर बस येऊन उभी होती आणि पाखराचा एक पाय पायरीवर होता.

"थांब! मला... मला तू आवडतेस. म्हणजे आवडतोस. नाही... आवडतंस! आवडतंस, बास! आणि बाक बदलायचा असेल तर आत्ताच सांग, मला सवय आहे."

सगळी बस ऐकत होती. खिडकीतल्या आजोबांनी चष्मा नीट केला. पाखरानं पायरीवरचा पाय खाली घेतला.

"चढताय की उतरताय?" कंडक्टर ओरडला.

"थांबतंय मी," पाखरू म्हणालं.

बस गेली. धुरळा खाली बसला. थांब्याच्या कट्ट्यावर दोघं टेकली, मध्ये वीतभर अंतर. मग पाखरू सरकलं आणि ते अंतर उरलं नाही. त्यानं टाचणीचा हात उचलला, सुईनं टोचलेली बोटं एकेक करून पाहिली आणि आपल्या दोन्ही तळव्यांत झाकून घेतली.

"मी तर तिसऱ्या ट्रायललाच सांगणार होतं," ते म्हणालं. "पण तू माझ्या गळ्याशी कात्री धरली होतीस."

टाचणी हसली. हसताना डोकं आपोआप त्या राखाडी खांद्यावर टेकलं.

"उद्या यायला निमित्त हवं ना," पाखरू म्हणालं. "काय आणू शिवायला?"

"काही आणू नकोस," टाचणी म्हणाली. "नुसतं ये."