वरून आलेली टकटक

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण ही रचलेली गोष्ट आहे असं माझ्या तोंडावर म्हणू नका. ज्या बाईवर ही वेळ आली ती नोएमी माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि आमच्या सगळ्या घरात तिच्याइतकं रोखठोक कुणी नाही.

हे मेंदोसाजवळच्या आमच्या मायपू गावात घडलं, गेल्या ऑक्टोबरात.

आणि रात्री नाही... भर दुपारी घडलं.

दुपारचं जेवण झालं की आमच्या गावात वामकुक्षी. दुकानांची शटर खाली, खिडक्यांना झडपा, कुत्रीसुद्धा द्राक्षांच्या मांडवाखाली पाय ताणून पडलेली. त्या वेळी रस्त्यात कुणी दिसलंच तर तो परगावचा समजायचा. त्या दिवशी तर सोंदाही सुटला होता. सोंदा म्हणजे डोंगरावरून खाली येणारा कोरडा, भाजून काढणारा वारा. तो सुटला की डोकी ठणकतात, भली माणसं एकमेकांवर खेकसतात, आणि जो तो दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबून घरात बसून राहतो.

पण त्याआधी टाकीचं सांगायला हवं.

नोएमी आणि तिचा नवरा एलियास यांनी एक बंद पडलेला वाइनचा कारखाना घेतला होता. तिथे त्यांना रेस्टॉरंट काढायचं होतं. कारखान्याच्या जमिनीखाली सिमेंटच्या मोठ्या टाक्या होत्या. पूर्वी त्यांत द्राक्षांचा रस आंबायचा. त्यातली एक टाकी नेमकी जेवणाच्या दालनाखाली आली होती. जमिनीत एक गोल भोक, त्यावर लोखंडी झाकण. एलियास म्हणाला, बाटल्या ठेवायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? त्याने आत लोखंडी जिना बसवून घेतला.

नोएमीने तेव्हाच नको म्हटलं होतं.

तिचे वडील, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान सेवेरो काका, जन्मभर अशाच टाक्या धुवायला आत उतरले. आंबणाऱ्या रसातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही की वास नाही. तो तळाशी साचून राहतो. त्यात सापडलेला माणूस ओरडतही नाही. नुसता खाली बसतो... आणि उठत नाही.

म्हणून टाकीत कुणी एकट्याने उतरायचं नाही, हा नियम. एक आत, एक वर. वरचा माणूस थोड्या थोड्या वेळाने झाकणाच्या कडेवर तीनदा ठोकणार. म्हणजे, आहेस का? खालचा मूठ वळून भिंतीवर दोनदा ठोकणार. म्हणजे, आहे.

आम्ही पोरंसुद्धा हाच खेळ खेळायचो. कपाटात लपलेल्याला तीनदा ठोकलं की उत्तर द्यावंच लागायचं. नाही दिलं तर तो मेला.

टाकीत उतरणाऱ्याशी लग्न करायचं नाही, असं नोएमीने लहानपणीच ठरवून टाकलं होतं. आईचा जीव दुपारभर कसा टांगणीला लागायचा ते तिने पाहिलं होतं. म्हणून तर तिने बुएनोस आयरेसचा एलियास पसंत केला. मऊ हातांचा, वाइन नुसती हुंगून तिचं साल सांगणारा. आणि आता तोच दिवसातून दहा वेळा टाकीत उतरत होता.

मग वाद पेटला तो थंडाव्याच्या यंत्रावरून.

उगो नावाचा कारागीर दोन यंत्रं घेऊन आला होता. एक कॉम्प्रेसरचं. ते कितीही उकाड्यात थंड करतं, पण घरघरतं, आणि त्याने बाटल्या बारीक थरथरतात. दुसऱ्यात फिरणारं काहीच नाही. विजेवर चालणारी एक चकती, तिची एक बाजू गार, एक बाजू गरम. आवाज शून्य, थरथर शून्य. पण भोवतीची हवा फार तापली तर ते हात टेकतं. टाकीच्या जाड भिंतीत निभेल, असं उगोचं म्हणणं पडलं.

एलियासला मुकं यंत्रच हवं होतं. बाटलीच्या तळाशी बसलेला गाळ हलता कामा नये, एवढंच त्याचं टुमणं.

"बाटल्यांना झोपू दे गं शांत," तो म्हणाला. "तुझ्या अख्ख्या गावाला दुपारची झोप लागते, त्या बिचाऱ्यांना नको?"

"आवाज असला की कळतं तरी, चालू आहे की बंद पडलंय."

"यंत्राचं म्हणतेस की माझं?"

शेवटी आधी मुकं यंत्र लावून बघायचं ठरलं.

सेवेरो काका एकदाच तिथे येऊन गेले. झाकणापासून चार हात लांब उभे राहिले, पुढे आलेच नाहीत. त्यांनी लेकीला त्या टाकीची हकिकत सांगितली. फार वर्षांपूर्वी तिथे आन्सेल्मो नावाचा माणूस वर राखणीला बसला होता. दुपारची वेळ, उकाडा... त्याचा डोळा लागला. जाग आल्यावर त्याने तीनदा ठोकलं. खालून उत्तर आलं नाही. तो आत उतरला. लोक जमले तेव्हा खालचा माणूस वर जमिनीवर सरळ निजवलेला होता, हात छातीवर ठेवलेले. पण तो गेलेला. आणि आन्सेल्मो टाकीत, तळाशी. तोही गेलेला.

"त्या टाकीत रस नंतर कधी नीट आंबला नाही," एवढं बोलून काका घरी निघून गेले.

एलियास हसला. रेस्टॉरंटला अशी एखादी गोष्ट असलेली बरी, गिऱ्हाईक खूश होतं, म्हणाला.

मुकं यंत्र लागलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी नोएमी आत बाटल्या लावत होती. एलियास शहरात गेला होता. बाहेरच्या दाराला तिने स्वतः आतून कडी घातली होती.

यंत्राचा आवाज नाही. वरून रस्त्याचा आवाज नाही. बाटलीला बाटली लागली की तेवढीच किणकिण.

आणि मग...

टक. टक. टक.

वरून. झाकणाच्या कडेवर.

नोएमीची मूठ वळली आणि भिंतीवर दोनदा आपटली. मनात काही यायच्या आत हाताने उत्तर देऊन टाकलं होतं. टाकीकामगाराची लेक ती. तीन ऐकले की दोन देणारच.

मग तिच्या लक्षात आलं की दाराला कडी आहे.

ती वर आली. दालन रिकामं होतं. कडी तशीच. झाकणाशेजारची एक खुर्ची मात्र भिंतीपासून ओढून तिथे आणलेली होती... कुणीतरी बसून राखण करावी तशी.

तिने खुर्ची परत भिंतीला लावली.

त्यानंतर टकटक रोज येऊ लागली. फक्त वामकुक्षीच्या वेळी, आणि फक्त कुणी आत असताना. नोएमी दर वेळी उत्तर द्यायची. तिची न द्यायची हिंमतच होत नव्हती.

एकदा एलियासनेही ऐकलं. सिमेंट उन्हाने फुगतं, त्याचा आवाज आहे, असं म्हणून त्याने बाटल्या लावणं चालू ठेवलं. उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नोएमी शेजारीच होती, तिने पटकन ठोकलं.

"मी नसते तर?" तिने विचारलं.

"तर काय? सिमेंट रुसलं असतं."

तरी तिचा उतरलेला चेहरा बघून तो नमला. कॉम्प्रेसर आणूया, म्हणाला. घरघरीत निदान हे तरी ऐकू येणार नाही. उगोला निरोप गेला. पुढच्या आठवड्यात तो येणार होता.

त्याआधी सोंदा सुटला.

नोएमी वडिलांकडे होती, मागच्या गल्लीत. काकांचं डोकं ठणकत होतं, म्हणून त्यांच्या कपाळावर ओली घडी ठेवत बसली होती. तेवढ्यात एलियासचा फोन आला. टाकीतली हवा तापायला लागली होती. मुक्या यंत्राने हात टेकले होते. चांगल्या बाटल्या तो वर काढून आणणार होता.

"थांब. मी येते."

"या वाऱ्यात? वेडी आहेस का? दोन खेपांचं काम."

"एलियास, ऐक. ठोकल्याचा आवाज आला तर उत्तर दे. तुझा विश्वास नाही, माहीत आहे मला. माझ्यासाठी दे. दोनदा."

तो हसला. "देतो बाई, देतो."

फोन बंद झाला. टाकीत फोन लागत नाही.

नोएमी धावत सुटली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. धुळीने डोळे उघडवत नव्हते, घसा कोरडा पडला होता. पळताना ती एकच घोकत होती, दोनदा ठोक, दोनदा ठोक.

दार उघडंच होतं.

आत शांत. इतकं शांत, की बाहेर वारा आहे हेच विसरायला व्हावं.

झाकणाशेजारी खुर्ची होती. भिंतीपासून ओढून आणलेली.

आणि खुर्चीशेजारी, जमिनीवर... एलियास.

सरळ निजवलेला. हात छातीवर. दोन्ही बगलांखाली शर्ट चुरगळलेला, कुणीतरी धरून ओढावं तसा.

तिने त्याच्या नाकाशी गाल नेला. श्वास नव्हता. ती त्याला गदागदा हलवू लागली, त्याच्या छातीवर मुठी मारू लागली, आईची शपथ घालू लागली. किती वेळ गेला, तिला माहीत नाही. मग त्याने मोठ्याने श्वास ओढला आणि डोळे उघडले.

तो तिच्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच बघावं तसा.

डॉक्टर म्हणाले, सोंद्यात भोवळ येते, नशीब की वर येऊन पडला. टाकीत वायूबियू काही नव्हता, उगोने मोजून पाहिलं. ठोकल्याचा आवाज आला होता का, असं नोएमीने खोदखोदून विचारलं. एलियासला काहीच आठवत नव्हतं. काकांनी मात्र जावयाची चौकशी केली नाही. लेकीला एवढंच विचारलं, "कसा पडला होता?" तिने सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर ते लेकीकडे जेवायला कधी गेले नाहीत.

कॉम्प्रेसर लागला. तो दिवसभर घरघरायचा आणि नोएमीला त्या घरघरीने बरं वाटायचं. रेस्टॉरंट उघडलं, गर्दी होऊ लागली. एलियास कामाला वाघ झाला होता. अवजड पेट्या एकटा उचलायचा. वामकुक्षीला हसणारा तो, आता दुपारी मुकाट झोपायचा. फक्त एक गोष्ट तिला खुपायची. वाइन हुंगून बघणं त्याने सोडलं होतं. तो ग्लासात बर्फ टाकायचा, वर सोडा मारायचा आणि एका दमात संपवायचा. जुने टाकीकामगार प्यायचे तशी. चव बदलते आजारपणाने, असं ती स्वतःला समजावत राहिली.

नवरा जिवंत होता. तिला आणखी काय हवं होतं?

मग गेल्या महिन्यातली ती दुपार.

गिऱ्हाईक गेलं होतं. दोघंच दालनात जेवत होती. जमिनीखालून कॉम्प्रेसरची घरघर येत होती. हवी तेवढी थंडी झाली की तो आपोआप थांबतो. तसाच तो थांबला.

दालनात एकदम शांतता पसरली.

एलियासने घास खाली ठेवला. बोटं मिटली. आणि टेबलावर सावकाश ठोकलं.

टक. टक. टक.

तो मान तिरपी करून ऐकत होता.

आणि खालून... बंद झाकणाखालून... कुणी नसलेल्या टाकीतून...

टक. टक.

अडखळत, चाचरत. कधीच न ठोकलेल्या मऊ हाताचे ठोके.

एलियासने समाधानाने मान हलवली आणि पुन्हा घास उचलला.

"आहे अजून," तो म्हणाला.

"कोण?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. एवढंही कसं कळत नाही या बाईला, अशा नजरेने.

"एलियास," तो म्हणाला. आणि जेवू लागला.

नोएमीने हे मला परवा सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात, झडपा लावून. हमसून हमसून रडली. टाकी तिने कितीदा तरी उघडून पाहिली आहे. आत बाटल्यांशिवाय काही नाही. घर सोडून माझ्याकडे ये, असं मी म्हटलं. ती नाही म्हणाली. कशी सोडणार?

रोज दुपारी तो झोपला की ती कॉम्प्रेसर थांबवते, झाकणाशी बसते आणि तीनदा ठोकते. खालून उत्तर येतं.

पण हल्ली, ती म्हणाली, जरा उशिरा येतं.