दगडी कापसाची पोती

कंदिलाची वात जरा खाली करा, आणि दारातले आत सरका. ही जानरावची गोष्ट. माझा मावसभाऊ तो. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

साल एकसष्ट. पौष अमावास्येची आदली रात्र. जानराव बैलगाडीनं अकोल्याच्या सरकी काढायच्या जिनात कापूस टाकून गावी परतत होता. निघताना त्याच्या बायकोनं, कौशल्यानं, सांगितलं होतं, "रिकामे पोते भेटले तं आना. लेकरं थंडीनं काकडून राह्यले." म्हणून तो दिवस मावळायला जिनाशेजारच्या मिलमध्ये गेला. चौकीदार शेषराव ओळखीचा. त्यानं बॉयलरच्या खोलीमागचा ढीग दाखवला.

"घेऊन जाय सारे. सडूनच राह्यले इथं."

पोत्यांना आतून पांढरी लव चिकटली होती. कागदोपत्री ते ॲस्बेस्टॉस. मिलमधले लोक दगडी कापूस म्हणत. तो पाण्यात कालवून बॉयलरवर, वाफेच्या नळांवर लिंपायचा. बारा वर्षं हे काम हिवरखेडच्या श्रावणनं केलं. पोती फोडायची, झटकायची, कालवायचं. संध्याकाळी भुवयांपासून पायांपर्यंत पांढरा होऊन बाहेर यायचा, आणि जानराव आलेला असला की दोघं फाटकाशी बिडी ओढत बसायचे.

"श्रावण दिसत नाही?" जानरावनं विचारलं.

"घरी नेलं त्याले. एक पायरी चढवत नव्हती. डॉक्टर क्षय म्हने, पन औषध काही लागू पडलं नाही." "त्याच्या आंधी या कामावर व्हता तोबी असाच गेला."

जानरावनं पोती गाडीत भरली आणि अकोटचा रस्ता धरला.

साडेदहाच्या सुमारास गाडी पूर्णा नदीच्या अलीकडे आली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात मागून खोकला आला.

कोरडा. दोनदा. मग लांब ओढलेला श्वास, नव्या वहाणेसारखा करकरणारा.

कोणी चोरून चढलं असेल, असं त्याला वाटलं. "कोन हाय रे?" तो उतरला. कंदील घेऊन एकेक पोतं उचलू लागला. खाली पोतं. त्याखाली पोतं. खोकला मात्र अजून खालीच.

शेवटचं पोतं उरलं. ते हलत होतं. वर… खाली… वर…

खोकला ओळखीचा होता.

"श्रावणभाऊ?"

बैलांनी कान टवकारले. रातकिडे गप्प.

"जानराव… झटकू नको…"

"काय?"

"घरी… लेकरायपाशी… झटकू नको…"

मग काही नाही. पोतं सावकाश खाली बसलं. जानरावनं हात घालून चाचपलं. खाली नुसत्या फळ्या.

थंडी हाडांत शिरत होती. घरी तीन लेकरं भुईवर निजली होती. मग सगळी पोती त्यानं शेजारच्या पडीत वावरात ओढत नेली, कंदिलातलं रॉकेल ओतलं आणि काडी लावली. घरी कौशल्यानं विचारलं, तर म्हणाला, "उद्या सांगतो." रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

फटफटताच तो परत त्या वावराकडे आला. समोरून सायकलवर श्रावणचा धाकटा भाऊ धर्मपाल येत होता, मिलमध्ये निरोप द्यायला निघालेला.

"दादा गेला," तो म्हणाला. "काल दिवेलागनीले."

जानरावनं वावराकडे बोट केलं. दोघं आत गेले.

वारा सुटला होता. तागाची राख उडून लांब बांधापर्यंत गेली होती. दगडी कापूस तेवढा उरला होता. तो जळत नाही, हे जानरावला तेव्हा ठाऊक नव्हतं. फुंकरीनं उडावी अशी हलकी लव ती. धर्मपालचं धोतर वाऱ्यानं फडफडत होतं, आणि ती लव जागची हलत नव्हती.

तिच्यावर पंजा उमटला होता. पाचही बोटं. खोल, कोणी वजन देऊन दाबून धरल्यासारखी.